खूप फिरलेल्या जोडप्याने हनिमूनचा देश कसा ठरवावा

पहिल्यांदाच परदेशी जाणाऱ्या जोडप्याला फार डोकं लावावं लागत नाही. बाली, फुकेत, मालदीव यांतलं एक उचलायचं आणि तारखा टाकायच्या. पंचाईत होते ती दोघांचेही पासपोर्ट शिक्क्यांनी भरलेले असले की. त्याने कंपनीच्या कामानिमित्त अर्धा युरोप पालथा घातलेला, तिने मैत्रिणींबरोबर जपान आणि व्हिएतनाम केलेलं. मग ‘दोघांनीही न पाहिलेलं’ शोधायची शर्यत लागते आणि यादी पेरू, आइसलँड, पॅटागोनिया अशी लांब लांब सरकत जाते. हळद, लग्न, सत्यनारायण, गोंधळ, कुलदैवताचं दर्शन उरकून, दोन आठवडे धड न झोपलेली दोन माणसं तीन विमानं बदलून ३,४०० मीटर उंचीवरच्या कुस्कोला उतरली, तर पहिले दोन दिवस डोकेदुखी आणि मळमळ यांतच जायची शक्यता मोठी.

‘न पाहिलेलं’ हा निकष सगळ्यात शेवटी लावायचा. आधी महिना, मग हातातल्या रात्री, मग दोघांना काय नको ते. एवढं झाल्यावर चार-पाच देश उरतात आणि त्यांतून निवड करणं सोपं जातं.

आधी महिना

आपल्याकडची बहुतेक लग्नं तुळशीचं लग्न झाल्यापासून मार्चपर्यंत, नाहीतर एप्रिल ते जूनच्या पावसापर्यंत होतात. म्हणजे हनिमूनच्या याद्याही दोनच.

डिसेंबर ते फेब्रुवारीत दक्षिण गोलार्धात उन्हाळा असतो, म्हणून न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेचा केप टाउनकडचा भाग उत्तम. जवळ जायचं तर ओमान, श्रीलंकेचा दक्षिण-पश्चिम किनारा, लाओस, फिलिपिन्समधलं पलावान. जानेवारीनंतर मॉरिशसची काही पॅकेजेस स्वस्त दिसू शकतात. त्यामागचं एक कारण असं, की नैऋत्य हिंदी महासागरातली चक्रीवादळं प्रामुख्याने जानेवारी ते मार्चमध्ये येतात. वादळ थेट आदळलं नाही तरी दोन-तीन दिवस हॉटेलात अडकून पडण्याची वेळ येते. उत्तर नॉर्वेतला ध्रुवीय प्रकाश हवा असेल तर किमान चार रात्री हाताशी ठेवा. आकाश ढगाळ राहिलं तर आकाशात काहीही चाललेलं असो, तुम्हाला ढगच दिसणार. ट्रोम्सोला नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही, हेही दोघांनी आधी मनाशी मान्य केलेलं बरं.

मे-जूनची यादी जास्त मजेदार आहे: नामिबिया, जॉर्जिया, स्लोव्हेनिया, पोर्तुगालची अझोर्स बेटं, इंडोनेशियातलं फ्लोरेस, आणि जूनच्या मध्यानंतर किर्गिझस्तानातली डोंगरकुरणं. या काळात टाळायचं काय, तर उझबेकिस्तान, कारण जूनमध्ये तिथला पारा विदर्भाशी स्पर्धा करतो. जपानात जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा असतो. त्यातून होक्काइदो बेट मात्र सुटतं.

ज्या देशाला एकजण आधी जाऊन आला आहे तो लगेच काटू नका, त्याचा दुसरा किनारा बघा. श्रीलंकेत दोन मोसमी वाऱ्यांमुळे दोन किनाऱ्यांचे हंगाम उलटे आहेत: डिसेंबर ते मार्च गॉल आणि मिरिसा, मे ते सप्टेंबर त्रिंकोमाली आणि पासिकुडा. थायलंडचंही तसंच. फुकेत-क्राबीचा अंदमान समुद्र जूनमध्ये खवळलेला असतो, तेव्हा पलीकडचं को सामुई बऱ्यापैकी कोरडं असतं, आणि सामुईचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सामुईला गेलेली जोडपी खोलीत बसून पत्ते खेळतात ती यामुळेच.

मग रात्री

रजा किती हे सांगताना लोक घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंतचे दिवस मोजतात. तसं करू नका. तिथे प्रत्यक्ष झोपायच्या रात्री मोजा आणि लग्नानंतरचे किमान तीन दिवस मोकळे सोडून विमान धरा. पूजा, मांडवपरतणी, पाचपरतावणं यांतलं काय कधी आहे हे दोन्ही घरच्या आयांना तिकीट काढण्याआधी विचारा. तिकिटाची तारीख बदलायची म्हणजे नव्या आणि जुन्या भाड्यातला फरक आणि वर दंड, असा दुहेरी भुर्दंड असतो.

सात रात्री असतील तर मुंबईपासून सात-आठ तासांच्या आतला देश आणि जास्तीत जास्त दोन मुक्काम. दहा-बारा रात्री असतील तर लांबचा प्रवास परवडतो, मुक्काम तीन, ताणूनच चार. मुक्काम बदलला की सामान भरणं, चेक-आउट, प्रवास आणि दुपारी दोन-तीनपर्यंत खोलीची वाट यांत अर्धा दिवस जातो, म्हणजे सात रात्रींत चार हॉटेलं केली तर दीड दिवस बॅगांनाच वाहिला. पहिल्या दोन रात्री एकाच जागी, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काहीही आरक्षित नको. फिरस्ती माणसं नेमकी इथे चुकतात. सहा वाजता उठून सगळं बघायची सवय अंगात मुरलेली असते.

काय नको

दोघांनी वेगवेगळं बसून, एकमेकांना न दाखवता, पाच-पाच ‘नको’ लिहायचे. ‘मला डोंगर आवडतात’ असलं मोघम नको. ‘रोज तीन तासांपेक्षा जास्त गाडी नको’, ‘१० अंशांखाली थंडी नको’, ‘जिथे शाकाहारी म्हणजे नुसतं सॅलड, तिथे नको’, ‘छोट्या बोटीत बसायला लावू नकोस’ इतकं नेमकं हवं. मग कागद शेजारी ठेवायचे आणि दोघांचेही ‘नको’ पाळायचे. त्यांवर वाटाघाटी करू नका. आवडीनिवडी जुळवण्यापेक्षा हे पटकन होतं आणि भांडणंही कमी होतात.

आणखी एक गोष्ट तपासा: त्या ठिकाणी दोघांपैकी एक गाइड होणार आहे का? एकाला जपान तोंडपाठ असेल तर दुसऱ्याच्या वाट्याला त्याच्या मागे चालणंच येतं. दोघंही सारखेच नवखे असतील असा देश, किंवा त्याच देशातला दोघांनाही नवा प्रांत निवडावा.

चार जागा, जरा तपशिलात

नामिबिया (मे-जून). वाळवंट, समुद्र आणि प्राणी एकाच सहलीत मिळतात, आणि माणसं फार कमी भेटतात. राजधानी विंडहूकला एक रात्र, वाळवंटातल्या सेस्रीमला तीन, किनाऱ्यावरच्या स्वाकोपमुंडला तीन आणि एतोशा या अभयारण्याच्या बाजूला तीन, अशा दहा रात्री नीट बसतात. विंडहूक ते सेस्रीम सुमारे सव्वातीनशे किलोमीटर, पण बराच रस्ता खडीचा असल्याने पाच तास धरा. स्वाकोपमुंड ते एतोशा तर पूर्ण दिवस खातं. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची, म्हणून भारतीयांना सोपी वाटते आणि तिथेच घात होतो. खडीवर ८० च्या वर गेलात आणि वळणावर ब्रेक दाबलात तर गाडी घसरून उलटते. या रस्त्यांवर होणारे परदेशी पर्यटकांचे अपघात बऱ्याचदा असेच असतात. गाडी घेताना दोन स्टेपन्या मागा, टायर आणि काचेचा विमा वेगळा घ्या (नेहमीच्या विम्यात बहुतेकदा तो नसतो), आणि खडीवर टायरमध्ये हवा किती ठेवायची ते गाडी देणाऱ्याकडूनच लिहून घ्या. सूर्य मावळल्यावर गाडी चालवायची नाही. कुडू आणि ऑरिक्स ही मोठी हरणं रस्त्यावर येतात आणि बरेचसे विमे रात्रीचा अपघात धरत नाहीत.

सोसुसव्लेईच्या लाल टेकड्यांसाठी सेस्रीमच्या मुख्य फाटकाच्या आतला मुक्काम घ्या, महाग असला तरी. आतल्या लोकांना सूर्योदयाच्या तासभर आधी सोडतात, बाहेरच्यांना सूर्योदयाला. तिथून ६० किलोमीटर डांबरी रस्ता आहे, म्हणजे बाहेर राहिलेला माणूस पोहोचेपर्यंत कोवळं ऊन संपलेलं असतं. शेवटचे पाच किलोमीटर नुसती वाळू आहे. फोर-बाय-फोर असली तरी वाळूत चालवायचा सराव नसेल तर शटल घ्या. जूनमध्ये वाळवंटात रात्री पारा शून्याजवळ जातो, आणि स्वाकोपमुंडला बेंगुएला या थंड सागरी प्रवाहामुळे सकाळी दाट धुकं असतं. ‘आफ्रिका म्हणजे उकाडा’ समजून फक्त सुती कपडे नेऊ नका. जेवण मांसाहारी वळणाचं असतं, लॉजना शाकाहार आधीच कळवा. जैन जेवण हवं असेल तर कोणते पदार्थ चालत नाहीत त्यांची नावं लिहून पाठवा, कारण नुसतं ‘जैन’ लिहून तिथे बोध होत नाही.

न्यूझीलंडचं दक्षिण बेट (जानेवारी-फेब्रुवारी). रात्री नऊपर्यंत उजेड असल्याने दिवस मोठा मिळतो. इथली ठरलेली चूक म्हणजे क्वीन्सटाउनहून एका दिवसात मिलफर्ड साउंड या कड्यांमधल्या खाडीला जाऊन येणं. एका बाजूला सुमारे २९० किलोमीटर, चार तास. त्याऐवजी ते आनाऊला दोन रात्री राहा. तिथून मिलफर्ड १२० किलोमीटर आहे, दोन तासांत पोहोचता. पेट्रोल मात्र ते आनाऊलाच भरून निघा. मिलफर्डला वर्षाला सहा मीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यामुळे कोरडा दिवस मिळाला नाही म्हणून हिरमुसू नका. पावसातच कड्यांवरून शेकडो धबधबे सुटतात. सँडफ्लाय नावाच्या चावऱ्या माश्यांसाठी मलम हवंच. रुखवतातले लाडू, चिवडा, लोणचं नेणार असाल तर आगमनाच्या अर्जावर खाद्यपदार्थ आहेत असं लिहा. लिहिलंत तर फार तर काढून घेतील; लपवलंत तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड.

अझोर्स (जून). पोर्तुगालची ही ज्वालामुखी बेटं अटलांटिकच्या मध्यावर आहेत, लिस्बनहून अडीच तासांच्या आत विमान पोहोचतं. युरोप ‘करून झालेल्या’ जोडप्याला इथे ओळखीचा युरोप दिसत नाही: विवराच्या तळाशी तलाव, गरम पाण्याचे झरे, जूनच्या अखेरपासून रस्त्यांच्या कडेने निळ्या हायड्रेंजिया. स्पर्म व्हेल जवळजवळ वर्षभर दिसतात. साओ मिगेलला पाच रात्री आणि पिकोला तीन, एवढं पुरे. नऊ बेटं आहेत म्हणून नऊ करू नका. हवा तासातासाला बदलते, त्यामुळे कोणती टेकडी कधी बघायची हे आदल्या दिवशी ठरवून उपयोग नसतो. सकाळी तिथल्या वेबकॅमवर कुठे ढग नाहीत ते बघून निघायचं. गाडी ऑटोमॅटिक हवी असेल तर दोन-तीन महिने आधी सांगा, तिथे मॅन्युअल जास्त. पोहण्याच्या समुद्राची कल्पना असेल तर ही जागा सोडा. पाणी गार असतं.

सेशेल्स (एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर). मुंबईहून थेट विमानसेवा आहे, साडेचार तासांच्या आसपास, म्हणून आठवड्याच्या रजेत बसतं. हे दोन काळ म्हणजे वारे बदलतानाचे शांत आठवडे. मे संपल्यावर आग्नेय वारे जोर धरतात. तेव्हा माहे बेट ते प्रालँ बेट हा तासाभराचा फेरीप्रवास अनेकांना उलट्या करायला लावतो आणि प्रालँच्या ग्राँद आन्स किनाऱ्यावर समुद्री शेवाळ साचतं. जूनमध्येच जायचं असेल तर माहेचं बो व्हालाँ आणि प्रालँचं कोत द’ओर या बाजूंना राहा, त्या आडोशाला आहेत. ला दीग बेटावर सायकलवरच फिरायचं. तिथल्या (त्याच नावाच्या) ग्राँद आन्स किनाऱ्याला या वाऱ्यांत पाण्याची ओढ जबरदस्त असते, फोटोपुरतं थांबा. कोको द मेर हा दोन पाळ्यांचा नारळ अधिकृत परवान्याच्या कागदाशिवाय विकत घेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

मालदीवला फिरस्ती जोडपी नाकं मुरडतात, तसं करायचं कारण नाही. लग्नाने पिळून निघालेल्यांना पाच रात्री काहीच न करता राहायला तीच जागा योग्य. फक्त दोन गोष्टी बघा. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं, त्यामुळे मालेला दुपारी उशिरा उतरलात तर एक रात्र विमानतळाजवळ काढावी लागते. आणि माणशी सीप्लेनचं भाडं खोलीच्या दरात धरलेलं आहे का ते विचारा, ते काहीशे डॉलर असतं. जूनमध्ये पाऊस असतो, पण बा अटॉल या प्रवाळबेटांच्या समूहातल्या हनिफारू उपसागरात मांटा रे हे मोठे चपटे मासे गोळा व्हायला लागतात ते याच सुमारास. तिथे फक्त स्नॉर्केलिंग करता येतं, डायव्हिंगला बंदी आहे.

कागदपत्रं, ज्यांत खरी माती होते

लग्नानंतर नाव बदलायचं असेल तर ते परत आल्यावर. पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट यांवरचं नाव अक्षरशः एकच हवं. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने उरलेली असावी, कोरी पानं दोन तरी असावीत. तुमच्यासारख्यांचा पासपोर्ट पानांवरूनच अडतो.

शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. प्रौढाची फी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा. मे-जूनच्या तारखांसाठी मुंबईतल्या अपॉइंटमेंट उन्हाळ्याआधीच संपतात, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच अर्ज करा. तेव्हा लग्न झालेलं नसतं, तर ‘अविवाहित’ असंच लिहायचं आणि लग्नपत्रिका व दोन ओळींचं पत्र जोडायचं. दोघांचेही उत्पन्नाचे कागद स्वतंत्र लावा. लग्नाच्या खर्चासाठी वडिलांनी खात्यात अचानक मोठी रक्कम टाकली असेल तर ती कुठून आली हेही त्याच पत्रात लिहा. आधीच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नीट वापरलेले असतील तर एप्रिल २०२४ पासूनच्या नियमाने भारतात राहणाऱ्या भारतीयांना दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो. म्हणजे एकाला दोन वर्षांचा आणि दुसऱ्याला दहा दिवसांचा, असंही होतं. बुकिंग दुसऱ्याच्या तारखांवर बेतायचं.

व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायचे असतील तर मेंदीच्या आधी देऊन या. बोटांच्या टोकांवर मेंदी किंवा कापल्याची जखम असली तर ठसे नाकारले जाऊ शकतात. ५९ महिन्यांच्या आत शेंगेनसाठी ठसे दिलेले असतील तर बहुधा पुन्हा लागत नाहीत.

पासपोर्टातले चालू व्हिसा कामाला लावा. अमेरिकेचा किंवा शेंगेनचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयाला जॉर्जियाचा वेगळा व्हिसा लागत नाही, पण तो दोघांकडेही हवा. कझाकस्तानला १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. असे नियम वर्षात दोनदाही बदलतात, पैसे भरायच्या दिवशी दूतावासाच्या संकेतस्थळावर बघा.

केनिया, युगांडा, इथिओपिया, ब्राझील अशा पीतज्वराच्या देशांना जाणार असाल तर लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यायची, आणि दाखला दहा दिवसांनी लागू होतो. दाखला नसेल तर परत आल्यावर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. नामिबियाला इथिओपियाच्या आदिस अबाबावरून जात असाल तर थांबा १२ तासांच्या आतला घ्या आणि विमानतळाबाहेर पडू नका.

गाडी चालवायची असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओकडून काढा, तो एक वर्ष चालतो. बालीत स्कूटर घेणार असाल तर त्या परवान्यावर दुचाकीचा वर्ग आहे ना ते बघा, नाहीतर अपघातात विमा कंपनी हात झटकते. डायव्हिंग करणार असाल तर शेवटचं डाइव्ह आणि विमान यांत २४ तास ठेवा.

जड दागिने घरीच ठेवा. न्यायचेच असतील तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. रांग लागते, तासभर जास्त धरा. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस (बुकिंगच्या वेळीच आगाऊ कापला जाणारा कर) आकारतात आणि तो ज्याच्या पॅनवर बुकिंग आहे त्याच्याच खात्यात दिसतो. सासऱ्यांनी पॅकेज भेट दिलं तर परतावाही त्यांनाच मागावा लागेल.

बुकिंगचा क्रम

आधी व्हिसा नाकारला गेल्यास रद्द करता येईल असं हॉटेल, मग व्हिसा, मग तिकीट, मग बाकी सगळं. अपवाद नामिबियाचा: सेस्रीमच्या फाटकाआतल्या खोल्या आठ-दहा महिने आधी भरतात, तिथे अनामत रक्कम बुडण्याची तयारी ठेवूनच पुढे जावं. दोन विमानांचा प्रवास एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) असू द्या. जून २०२५ मध्ये आखातातली हवाई हद्द काही तासांसाठी बंद झाली होती. अशा वेळी वेगवेगळी स्वस्त तिकिटं जोडून निघालेल्यांचं पुढचं विमान चुकलं, तर ते पैसे बुडतात. एका पीएनआरवर असाल तर पुढची सोय करणं विमान कंपनीकडे येतं.

हॉटेलला थेट ईमेल करून हनिमून आहे असं कळवा आणि पत्रिकेचा फोटो जोडा. केक, वाइन किंवा वरच्या दर्जाची खोली मिळाली तर मिळाली. पण पलंग एकसंध गादीचा आहे की दोन एकेरी पलंग जोडलेले, हे त्याच ईमेलमध्ये विचारा. युरोपात जोडलेलेच जास्त असतात आणि मधली फट आयत्या वेळी बुजवता येत नाही.